वॉर्डातून ‘बाहेरची चिठ्ठी’ हातात पडली तर: यादीबाहेरच्या औषधांचा खर्च

गोदाकाठ

सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात खाट फुकट किंवा नाममात्र दरात मिळते, डॉक्टरांची फी नसते, आणि तरी घरातले दागिने गहाण पडतात. बऱ्याचदा त्याला कारण असते ती कागदाची अर्धी चिठ्ठी: ‘हे आपल्याकडे नाही, बाहेरून आणा.’ या चिठ्ठीचे नेमके करायचे काय, यावर माहितगारांनी इथे लिहावे. कुठल्या खिडकीवर जायचे, काय विचारायचे, कागदावर काय असले पाहिजे, दुकानात काय तपासायचे, हे सगळे हवे आहे. खाजगी आणि धर्मादाय रुग्णालयांबद्दलही लिहा. व्यवस्था कशी बिघडली आहे यावर धागे पुष्कळ आहेत. इथे आज रात्री चिठ्ठी हातात असलेल्या माणसाला उपयोगी पडेल तेवढेच येऊ द्या.

भांडारपाल

‘आपल्याकडे नाही’ या वाक्याचे तीन वेगळे अर्थ असतात. तिन्हींवरचा उपाय वेगळा असल्यामुळे पैसे काढण्याआधी आपले प्रकरण यातले कोणते, हे विचारून घ्या.

पहिला अर्थ: औषध रुग्णालयाच्या प्रमाणित यादीतच नाही. मुंबई पालिकेच्या रुग्णालयांत ‘शेड्यूलवर नाही’ म्हणतात ते हेच. म्हणजे त्या औषधाचा दरकरार, ठरलेल्या दराने पुरवठा करण्याचा करार, झालेला नाही. इथे स्थानिक खरेदीचा मार्ग असतो. विभागप्रमुखांनी रुग्णाच्या नावाने, कारण लिहून मागणीपत्र दिले की अधिष्ठाता किंवा वैद्यकीय अधीक्षकांच्या मंजुरीने औषध विकत घेता येते. त्याला वेळ लागतो, म्हणून दोन दिवसांपुरते बाहेरून आणून बाकीचे मागणीपत्रावर टाकायला सांगा. दीर्घ उपचार असेल तर हे पहिल्याच दिवशी बोला.

दुसरा अर्थ: औषध यादीत आहे, पण साठा संपला आहे. निविदा अडकलेली असते, पुरवठादाराचे बिल थकलेले असते किंवा माल तपासणीच्या अहवालाची वाट पाहत पडून असतो. अशा वेळी वॉर्डाच्या सिस्टरना ‘मुख्य भांडारात विचारले का?’ एवढे नक्की विचारा. वॉर्डाचा उपसाठा संपला आणि मुख्य भांडारात माल आहे, असे सर्रास घडते. संध्याकाळी मुख्य भांडार बंद झाले की सोपा मार्ग म्हणून चिठ्ठी लिहिली जाते. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांचा साठा ‘ई-औषधी’ प्रणालीत नोंदलेला असतो, त्यामुळे जवळच्या दुसऱ्या संस्थेतून माल मागवता येतो. फक्त तो मागवायला कुणीतरी लावून धरावे लागते.

तिसरा अर्थ: औषध यादीत आहे, साठ्यातही आहे, पण चिठ्ठीवर मूळ (जेनेरिक) नावाऐवजी कंपनीचा वेगळा ब्रँड लिहिला आहे. इथे शांतपणे एकच वाक्य म्हणा: ‘डॉक्टर, याचे मूळ औषध भांडारात आहे का? ते चालेल का?’ पुष्कळदा चालते.

चिठ्ठी कशी असावी तेही सांगतो. आंतररुग्ण क्रमांक, वॉर्ड, खाट, औषधाचे मूळ नाव, मात्रा, स्वरूप (गोळी, कुपी, सिरप), नग, डॉक्टरांचे नाव, नोंदणी क्रमांक, सही आणि तारीख. त्यावर ‘भांडारात उपलब्ध नाही’ असा शेरा आणि भांडाराचा शिक्का घ्या. केसपेपरच्या मागच्या कोऱ्या भागावर घाईघाईत लिहिलेले ‘इंजे. अमुक × १०’, ना सही ना तारीख, असा कागद घेऊन दुकानात जाऊ नका. पुढे योजना, विमा, मदतनिधी किंवा तक्रार, काहीही करायचे झाले तरी त्या कागदाला किंमत नसते.

रानजाई

भांडारपालांनी शेड्यूल म्हटले, त्यातून एक गोंधळ होतो. रुग्णालयाचे शेड्यूल वेगळे आणि किंमत नियंत्रणाचे शेड्यूल वेगळे.

केंद्राचा औषध किंमत नियंत्रण आदेश २०१३ चा आहे. राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीतल्या औषधांना त्याखाली कमाल किंमत ठरते. सध्याची यादी सप्टेंबर २०२२ ची असून तीत ३८४ औषधे आहेत. बाजारात १ टक्का किंवा जास्त वाटा असलेल्या सगळ्या ब्रँडच्या, दुकानदाराला पडणाऱ्या किमतींची सरासरी काढतात, तीवर १६ टक्के दुकानदाराचा नफा धरतात आणि वर जीएसटी लागतो. या किमती दरवर्षी घाऊक महागाई निर्देशांकानुसार बदलतात.

यादीबाहेरच्या औषधांना अशी कमाल मर्यादा नाही. छापील किंमत वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, एवढेच बंधन. पण सुरुवातीलाच पाचपट छापली असेल तर? खर्च फुगतो तो इथे. २०१८ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने दिल्ली परिसरातल्या चार खाजगी रुग्णालयांची बिले तपासली, तेव्हा काही वस्तूंवर १७३७ टक्क्यांपर्यंत नफा निघाला. बिलातला नियंत्रित औषधांचा वाटा साधारण ४ टक्के, तर नियंत्रणाबाहेरच्या औषधांचा २५ टक्क्यांच्या आसपास होता. मोठी खरेदी करणाऱ्या रुग्णालयाला जास्त छापील किंमत आणि भरघोस सूट असलेला माल सोयीचा पडतो. छापील किमतीच्या आत विक्री असल्याने कायदा मोडत नाही, रुग्ण मात्र मोडतो.

म्हणून दुकानात उभे असताना प्राधिकरणाच्या ‘फार्मा सही दाम’ या ॲपवर ब्रँडचे नाव टाका. किंमत आणि त्याच औषधाचे दुसरे ब्रँड समोर येतात. यादीतली नोंद औषध, मात्रा आणि रूप या तिन्हींवर असते. यातले एक बदलले की ती कमाल किंमत तशीच लागू होत नाही, म्हणून चिठ्ठीवरची मात्रा जशीच्या तशी पाहा. कमाल किमतीहून जास्त छापलेली सापडली तर पट्टीचा फोटो आणि बिल घेऊन प्राधिकरणाकडे ऑनलाइन तक्रार करा.

आणखी एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आणि काही जीवरक्षक औषधांवरचा शून्य झाला. जुन्या मालावर जुनीच किंमत छापलेली असू शकते. पट्टीवर ११२ रुपये असतील तर त्यात कर १२ रुपयांचा होता. नव्या दराने ती १०५ ला यायला हवी. बिलात कराचा रकाना वाचा.

तिरफळ

दुकानदाराला ‘याच औषधाचा स्वस्त ब्रँड द्या’ म्हटले तर तो देऊ शकतो का? की जनऔषधी केंद्रात जावे?

खलबत्ता

चिठ्ठीवर ब्रँड लिहिला असेल तर दुकानदाराने परस्पर बदलून देणे नियमात बसत नाही. ‘एच’ वर्गातल्या, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणाऱ्या, औषधांबाबत औषध नियमावलीत तशी स्पष्ट मनाई आहे. चिठ्ठीवर मूळ नाव असेल तर मात्र त्या नावाचा कुठलाही ब्रँड देता येतो. म्हणजे काम दुकानात नाही, वॉर्डातच करून घ्यायचे. डॉक्टरांनी मूळ नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे हे वैद्यक परिषदेच्या आचारनियमांतही आहे, त्यामुळे तशी विनंती करण्यात काही चूक नाही.

जनऔषधी केंद्रात रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, आम्लपित्त, साधी प्रतिजैविके यांच्यावर खर्च खरोखर निम्म्याहून खाली येतो. ‘जनऔषधी सुगम’ ॲपवर जवळचे केंद्र सापडते. अतिदक्षता विभागातली इंजेक्शने तिथे मिळतीलच असे नाही, म्हणून आधी फोन करा. मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या आवारात कुठे कुठे ‘अमृत’ दुकान असते. कर्करोग, हृदयरोगाची औषधे आणि इम्प्लांट यांसाठी तिथला दर आधी विचारा.

मूळ नाव लिहून घेताना मात्र एक धोका आहे, आणि तो जिवावर बेतणारा आहे. काही औषधांत मूळ नाव सारखे असले तरी औषधाची घडण वेगळी असते. ॲम्फोटेरिसिन घ्या. काळ्या बुरशीच्या साथीत, २०२१ मध्ये, हे नाव घराघरात पोचले. ६० किलोच्या माणसाला लायपोसोमल (चरबीच्या सूक्ष्म कणांत भरलेल्या) प्रकारात दिवसाला प्रतिकिलो ५ मिलिग्रॅम धरले तर ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ५० च्या ६ कुप्या लागतात. साध्या प्रकारात मात्रा प्रतिकिलो १ मिलिग्रॅमच्या आसपास असते. नुसते ‘ॲम्फोटेरिसिन ३००’ लिहिले, दुकानदाराने स्वस्त म्हणून साधे दिले आणि वॉर्डात ते तसेच लावले, तर पाचपट मात्रा जाईल आणि रुग्ण दगावू शकेल. म्हणून ‘लायपोसोमल’ हा शब्द चिठ्ठीवर आणि कुपीवर दोन्हीकडे आहे का, हे स्वतः पाहा. पॅक्लिटॅक्सेल आणि नॅब-पॅक्लिटॅक्सेल, डॉक्सोरुबिसिन आणि लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन, साधे इन्सुलिन आणि ॲनालॉग इन्सुलिन यांचेही तसेच.

फिट्सची औषधे, थायरॉक्सिन, वॉर्फरिन, टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन यांचा चालू ब्रँड डॉक्टरांना न विचारता बदलू नका. रक्तातले प्रमाण थोडे हलले तरी परिणाम दिसतो. या औषधांत ब्रँड बदलून वाचवलेले पैसे पुन्हा दाखल होण्यात जातात.

भांडारपाल

खलबत्ता यांना जोडून, नगांबद्दल. चिठ्ठीवर ‘मेरोपेनेम १ ग्रॅम, दर ८ तासांनी, ७ दिवस’ असते आणि नातेवाईक २१ कुप्या एकदम घेऊन येतात. असे करू नका. कल्चरचा (कोणता जंतू आहे, कोणते औषध लागू पडते या तपासणीचा) अहवाल ४८ ते ७२ तासांत येतो आणि त्यानंतर प्रतिजैविक बदलण्याची किंवा साध्या औषधावर येण्याची शक्यता असते. रक्तातले क्रिएटिनिन वाढले, म्हणजे मूत्रपिंडाचे काम मंदावले, तर मात्रा कमी होते. २ दिवसांच्या ६ कुप्या आणा, तिसऱ्या दिवशी अहवाल पाहून पुढचे. सोबत सलाईनची १०० मिलिची बाटली, आयव्ही सेट, सिरिंज असे जोडून लिहिले असेल तर त्या वस्तू वॉर्डात असतातच, त्यावर काट मारून घ्या.

कुप्या सिस्टरकडे देताना नग मोजून नोंदवहीत किंवा केसपेपरवर लिहून घ्या: तारीख, बॅच क्रमांक, नग. रिकाम्या कुप्या दाखवायला सांगणे हा अविश्वास नाही, रोजच्या हिशेबाचा भाग आहे. रुग्ण दुसऱ्या वॉर्डात हलवला की उरलेले औषध मागेच राहते. हलवतानाच पिशवी मागून घ्या.

सावली

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत मंजुरी मिळालेली असेल तर? तरीही चिठ्ठी देतात.

आरोग्यखिडकी

मंजुरी मिळाली असेल तर औषधे पॅकेजमध्येच धरलेली असतात. तपासण्या, औषधे, जेवण आणि घरी सोडल्यानंतर १० दिवसांपर्यंतचा पाठपुरावा, सगळे त्यात येते. त्या उपचारासाठी बाहेरची चिठ्ठी द्यायलाच नको. आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतीसाठी नेमलेल्या माणसाला) गाठा आणि त्याच्या नोंदवहीत लिहायला लावा. दाद मिळाली नाही तर १५५३८८ वर फोन करा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. पैसे आधीच भरले असतील तर मूळ बिले कुणालाही देऊ नका, छायाप्रत द्या. परतावा मूळ बिलावरच होतो.

अडचण होते ती या कारणांनी. एक तर मंजुरी यायच्या आधीच्या काळातला खर्च. दाखल होतानाच रेशनकार्ड, आधार आणि आजाराचे कागद आरोग्यमित्राकडे दिले तर हा काळ लहान होतो. कागद घरी असतील तर कुणीतरी फोटो पाठवा, पण त्याच दिवशी पाठवा. दुसरे म्हणजे मंजुरी एका आजाराची आणि चिठ्ठी दुसऱ्या आजाराच्या औषधाची. हृदयाच्या शस्त्रक्रियेच्या पॅकेजमध्ये जुन्या फिट्सचे औषध बसत नाही. तसे असेल तर ते स्पष्ट विचारून घ्या. तिसरे, यादीत न बसणारा आजार. तेव्हा समाजसेवा अधीक्षकांकडे जा. प्रत्येक मोठ्या सरकारी रुग्णालयात हे पद असते. ट्रस्टची मदत आणि मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्ज तिथून मार्गी लागतो. खर्चाचे अंदाजपत्रक, निदानाचा कागद, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड हे चारही कागद लागतात. खर्च झाल्यावर नाही, आधी जा.

आणखी एक महत्त्वाचे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वेगळ्या विभागाकडे असल्याने हा निर्णय तिथे लागू नाही. ससून किंवा जे.जे.मध्ये हा निर्णय दाखवून वाद घालण्यात वेळ घालवू नका.

गोदाकाठ

धर्मादाय रुग्णालयांबद्दल कुणी लिहील का? आणि जीबीएसच्या (गुलियन-बॅरे सिंड्रोम, नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडणारा आजार) इंजेक्शनबद्दल दोन ठिकाणी विचारणा दिसली.

खलबत्ता

जीबीएसचे मी लिहितो. पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या भागात रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हा ‘एक इंजेक्शन २० हजारांचे’ हा आकडा तोंडोतोंडी झाला होता. कुपी किती ग्रॅमची हे कळल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

हे इंजेक्शन म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन. त्याची नेहमीची मात्रा प्रतिकिलो एकूण २ ग्रॅम, म्हणजे रोज ०.४ ग्रॅम असे ५ दिवस. रुग्णाचे वजन ५८ किलो धरा. रोज २३.२ ग्रॅम, एकूण ११६ ग्रॅम. कुपी ५ ग्रॅमची असेल आणि रोज वरच्या आकड्याला पूर्ण केले तर दिवसाला ५ कुप्या, एकूण २५. आता डॉक्टरांनी तीन दिवस २५ आणि दोन दिवस २० ग्रॅम असे बसवले तर एकूण ११५ ग्रॅम, कुप्या २३. उपचारात फरक नाही, दोन कुप्या वाचल्या. हा निर्णय डॉक्टरांचाच, पण ‘एकूण मात्रा कुपीच्या हिशेबात बसवता येईल का’ हे विचारायला हरकत नाही. वजन अंदाजे लिहिलेले असेल तर आधी खरोखर वजन करायला सांगा. १० किलोची चूक म्हणजे २० ग्रॅम, म्हणजे ४ कुप्या.

दुसरे विचारायचे ते प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, बदलण्याबद्दल. जीबीएसमध्ये दोन्ही उपचारांचा गुण सारखाच मानला जातो. सोय असलेल्या केंद्रात साधारण ५ वेळा, एक-दोन आठवड्यांत करतात, आणि खर्च पुष्कळदा कमी येतो. सगळ्यांना तो चालत नाही. रक्तदाब फार वरखाली होत असेल, शीर मिळत नसेल तर इंजेक्शनच बरे. एक संपवून लगेच दुसरे करण्यात वाढीव फायदा दिसलेला नाही, त्यामुळे निवड सुरुवातीलाच होऊ द्या.

कुपी २ ते ८ अंशांत ठेवायची, गोठू द्यायची नाही. काही कंपन्यांच्या कुप्या २५ अंशांपर्यंतही चालतात, खोक्यावर लिहिलेले असते. दुकानातून थर्मोकोलच्या डब्यात, बर्फाचा पॅक कुपीला चिकटणार नाही असा, मध्ये कागद घालून आणा. रोजची रोज आणा. थंड साखळीतला माल दुकानदार परत घेत नाही, कारण मधल्या वेळात तो कुठे होता याची खात्री त्याला देता येत नाही. पाच दिवसांचा साठा वॉर्डाच्या फ्रिजमध्ये ठेवला आणि तिसऱ्या दिवशी उपचार बदलला तर ते पैसे गेले.

हिशेबनीस

धर्मादाय रुग्णालयांची योजना मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशाने लागू झाली. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी, १० टक्के दुर्बल घटकांसाठी. रुग्णालयाने एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीच्या खात्यात ठेवायची. निर्धन रुग्णाला उपचार पूर्ण मोफत आहेत. औषधे, वापराच्या वस्तू आणि इम्प्लांट रुग्णालयाच्या खरेदी दराने या निधीत टाकायचे. दुर्बल घटकातल्या रुग्णालाही दर खरेदीचाच लावायचा, त्यातला किमान निम्मा भाग त्याने भरायचा.

‘खरेदी दर’ हा शब्द पक्का लक्षात ठेवा. बिलात औषधे छापील किमतीने लावून मग त्यावर ‘सूट’ दाखवली असेल तर तो हिशेब चुकीचा आहे. छापील २,००० ची कुपी रुग्णालयाला ८०० ला पडली असेल तर दुर्बल घटकाच्या बिलात ८०० च यायला हवेत आणि त्यातले ४०० भरायचे. २,००० वर ५० टक्के सूट म्हणून १,००० घेतले तर वरचे ६०० कुणाचे? आणि निर्धन रुग्णाला बाहेरची चिठ्ठी देणे म्हणजे तो खर्च निधीच्या हिशेबातून गायब करणे. औषध रुग्णालयाने आणावे आणि निधीत टाकावे, असे लेखी मागा. तक्रार जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात करा.

विमा असेल तर: बाहेरून आणलेल्या औषधाचे पैसे मिळतात, पण चिठ्ठी, पक्के बिल आणि डिस्चार्ज कार्ड एकमेकांशी जुळले पाहिजेत. बिलावर रुग्णाचे नाव हवे, आणणाऱ्याचे नको. खोलीभाडे मर्यादेबाहेर गेले म्हणून विमा कंपनी बाकीचा खर्च प्रमाणात कापते, पण विमा नियामकाच्या २०२० च्या नियमांनुसार औषधे, वापराच्या वस्तू, इम्प्लांट आणि तपासण्या यांवर ती कपात लावता येत नाही. कापली असेल तर लेखी विचारा.

तिरफळ

खाजगी रुग्णालय ‘आमच्याच मेडिकलमधून घ्या, बाहेरचे चालणार नाही’ म्हणते. अशा वेळी?

रानजाई

सक्ती करता येत नाही. औषध कुठून घ्यायचे याची निवड रुग्णाची, हे रुग्णहक्कांच्या सनदेत आहे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये हा प्रश्न राज्यांच्या धोरणावर सोपवला. त्यानंतर आपल्याकडे अन्न व औषध प्रशासनाने रुग्णालयातल्या औषध दुकानांना ‘येथूनच औषधे घेणे बंधनकारक नाही’ असा फलक लावायला सांगितले. फलक नसेल तर फोटोसह प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात कळवा.

रुग्णालय गुणवत्तेचे कारण देते तेव्हा ते सरसकट उडवून लावू नका. अतिदक्षतेत, मध्यरात्री, नळी लावलेल्या माणसाच्या औषधासाठी गावभर फिरण्यात तास गेला तर तो तास महाग पडतो. पहिला डोस तिथूनच घ्या. पुढच्या दिवसांचा माल मात्र परवानाधारक दुकानातून, पक्क्या बिलावर, बॅच क्रमांक आणि मुदत लिहून घेऊन आणा. तसा माल नाकारत असतील तर नकार लेखी मागा.

सावली

उरलेल्या गोळ्या परत घ्यायला दुकानदार नाही म्हणतो.

खलबत्ता

पट्टी अख्खी असेल, बिलावरचा बॅच क्रमांक पट्टीशी जुळत असेल आणि औषध थंड साखळीतले नसेल तर बहुतेक दुकानदार घेतात. घेतानाच विचारून बिलावर लिहून घ्या. पट्टी कापून घ्यायची असेल तर बॅच आणि मुदत छापलेला तुकडा आपल्याकडे ठेवा किंवा त्याचा फोटो काढा, नाहीतर उरलेल्या गोळ्या कधीच्या हे आठवड्याने कुणालाच सांगता येत नाही. फोडलेली कुपी किंवा सिरप परत करायचा प्रयत्नही करू नका. अख्ख्या, मुदतीतल्या पट्ट्या परत जात नसतील तर समाजसेवा अधीक्षकांना विचारा, त्यांच्याकडे दुसऱ्या रुग्णासाठी घेण्याची सोय असेल तर ते बॅच पाहून ठेवून घेतात.

गोदाकाठ

चिठ्ठीच्या शेऱ्याबद्दल एक राहिले. रात्री भांडार बंद असताना शिक्का कुणाचा घ्यायचा?

भांडारपाल

रात्रपाळीच्या वैद्यकीय अधिकाऱ्याचा. ‘भांडार बंद, वॉर्डात साठा नाही’ एवढे शब्द, वेळ आणि सही. सकाळी भांडार उघडले की तीच चिठ्ठी नेऊन साठा आहे का ते पुन्हा विचारा, आणि असेल तर त्या दिवसापासूनचे डोस आतून सुरू करून घ्या.